बँकेतच डीमॅट उघडताय? मग एवढ्या चुका तरी टाळा

आमच्या सोसायटीत कुणी डीमॅट उघडलं की महिन्याभरात माझी बेल वाजते. मी सल्लागार वगैरे नाही. पंधराएक वर्षं स्वतःचे शेअर स्वतःच घेतो-विकतो, एवढंच माझं भांडवल. दारात उभा असलेला माणूस नेहमी एकच वाक्य बोलतो, ‘अहो, बँक आपलीच आहे ना, म्हणून डोळे झाकून केलं!’

तिथेच घोळ आहे. ‘थ्री-इन-वन’ म्हणून जे देतात ती खरंच तीन खाती असतात. बचत खातं बँकेचं. डीमॅट म्हणजे शेअर ठेवायची जागा. ती एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत असते आणि बँक तिथे मधली एजंट असते. खरेदी-विक्रीचं ट्रेडिंग खातं ब्रोकरकडे, आणि हा ब्रोकर बऱ्याचदा बँकेचीच पण वेगळी कंपनी असतो. बोर्डावरचं चिन्ह तेच, दुकानं मात्र निराळी. म्हणून ऑर्डर अडकली की शाखेतला माणूस ‘ते आमच्याकडे येत नाही’ म्हणतो, तेव्हा तो टाळत नसतो. खातं उघडलं त्याच दिवशी ब्रोकरचा हेल्पलाइन नंबर आणि डीमॅटचा सोळा अक्षरी क्रमांक पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. क्रमांक ‘आयएन’ने सुरू होत असेल तर एनएसडीएल, नुसते आकडे असतील तर सीडीएसएल.

नावाचा घोळ

आपल्या मराठी नावांइतका त्रास केवायसीला दुसऱ्या कशाने होत नसावा. माझ्या मेव्हणीचंच बघा. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आडनाव आधी आणि मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. जाहिरातीत ‘दहा मिनिटांत खातं’ वाचून बाईंनी रात्री जेवणं झाल्यावर अर्ज भरला. नाकारला. पुन्हा भरला. पुन्हा नाकारला. तिसऱ्यांदा नवऱ्याच्या मोबाइलवरून भरला, जणू दोष फोनचाच होता! मग नवऱ्यानेच तोडगा काढला: दुसऱ्या बँकेत उघडू.

अहो, कागद तेच घेऊन जाणार ना? शिवाय केवायसीची नोंद केआरए नावाच्या संस्थांकडे जाते आणि पुढचा ब्रोकर तीच उघडून बघतो. एका ठिकाणची चूक तुमच्या मागोमाग दुसरीकडे येते.

शेवटी मी तिला तिन्ही कागद जेवणाच्या टेबलावर मांडून प्रत्येकावरचं नाव अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायला लावलं. मधल्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक ‘ए’ जास्त होता, तो तेव्हा सापडला. आधी विवाह नोंदणीचा दाखला लावून पॅन दुरुस्त केलं, मग बँकेतलं नाव, आणि मगच अर्ज. पाच आठवडे गेले. पहिल्याच रात्री अर्धा तास कागद वाचले असते तर फक्त दुरुस्त्यांपुरतेच दिवस गेले असते. पण घाई असलेल्या माणसाला अर्धा तास फार वाटतो आणि पाच आठवडे नशिबाचे वाटतात.

विकायच्या दिवशी कळतं

तिसऱ्या मजल्यावरचे काका दोन वर्षं नेमाने शेअर घेत होते, विकला एकही नव्हता. मुलाच्या प्रवेशाची फी भरायची म्हणून शुक्रवारी दुपारी दोन वाजता विकायला बसले. ॲपने टीपिन मागितला, म्हणजे डीमॅटमधले शेअर विकायला परवानगी देणारा गुप्त क्रमांक. टीपिन आणि ओटीपी डीमॅटला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो नंबर होता ऑफिसच्या सिमचा, निवृत्त होताना परत केलेला. ‘मी बँकेत नंबर बदललाय!’ काका ओरडले. बदलला होता, बचत खात्याचा आणि ॲपचा. डीमॅटला जुनाच. साडेतीनला बाजार बंद झाला आणि काकांनी सोमवारी एफडी मोडली.

टीपिन नको असेल तर खातं उघडताना डीडीपीआय या ब्रोकरला द्यायच्या परवानगीपत्रावर सही करता येते. १८ नोव्हेंबर २०२२ पासून जुन्या मुखत्यारपत्राच्या जागी हेच आलं आहे, आणि त्याची व्याप्ती मर्यादित आहे: विकलेले शेअर पोचते करणं, तारण ठेवणं अशा ठरावीक कामांपुरतं. मी ते दिलेलं नाही. टीपिन टाकायला अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढ्यात माझा घाबरून विकायचा विचार दोनदा बदललाय.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

शाखेतला गोड बोलणारा मुलगा खुणा करून देतो तिथे सह्या करू नका. आमच्याकडे एकांनी अशा सहीने प्रीपेड ब्रोकरेज प्लॅन घेतला, म्हणजे सौद्यांची दलाली आगाऊच भरली. वर्षात त्यांचे सौदे झाले तीन.

‘खातं उघडणं फुकट’ म्हणजे दुसऱ्या वर्षी फुकट नव्हे. तुमच्या नावावर एकच डीमॅट असेल आणि शिल्लक ४ लाखांच्या आत असेल तर बीएसडीए, म्हणजे छोट्या गुंतवणूकदारांसाठीचं साधं डीमॅट मागा, वार्षिक शुल्क लागत नाही. आपणहोऊन कुणी सांगेल याची वाट बघू नका.

एफ अँड ओच्या (फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे जोखमीचे सौदे) चौकोनात ‘असू दे’ म्हणून टिक करू नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात २०२२ ते २०२४ या आर्थिक वर्षांत १०० पैकी ९३ जणांनी त्यात पैसे घालवले.

खरेदी करताना ‘डिलिव्हरी’, म्हणजे पूर्ण पैसे भरून शेअर घेणं, निवडलंय का ते बघा. ‘एमटीएफ’ म्हणजे उधारीवर खरेदी, आणि व्याज रोज चढतं.

वारस नेमायचं ‘नंतर बघू’ म्हणू नका. आयपीओला, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअर विक्रीला, दुसऱ्याच्या बँक खात्यातून पैसे लावू नका, अर्ज बाद होतो. आणि वडिलांच्या डीमॅटला स्वतःचा मोबाइल देऊन ‘सोय’ करणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

माझी सवय विचाराल तर, नव्या खात्यात पहिल्यांदा एकच शेअर घेतो, शंभर-दोनशे रुपयांचा. सोमवारी घेतला की मंगळवारी डीमॅटमध्ये दिसायला हवा. बुधवारी टीपिन टाकून विकतो, गुरुवारी पैसे सुटतात, ते बचत खात्यात येतात का बघतो. ब्रोकरेज आणि डीपी चार्ज (विकलेला शेअर डीमॅटमधून काढायचं शुल्क) धरून पाच-पन्नास रुपये जातात. मेव्हणीने हेच केलं, वर ‘पहिल्याच सौद्यात तोटा करायला लावलात’ म्हणून अजून ऐकवते.