डायलॉग बंद होतो, पण 'ओके' परतच येत नाही? मग हे बघा

मी नाशकातल्या अंबडला एका छोट्या ऑफिसात बसून डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहितो, गिऱ्हाईक बहुतेक पिंपळगाव-लासलगाव पट्ट्यातले कांद्याचे व्यापारी. उन्हाळ कांद्याची आवक जोरात असताना एका खळ्यावरून मुनीमजींचा फोन आला, "दादा, वजन टाकतो, जतन करा दाबतो, खिडकी बंद होती अन् पावतीवर वजनच येत नाही. ट्रॅक्टर उभाय दारात." मी इकडे तेच करून बघितलं तर माझ्याकडे वजन बरोबर येत होतं. मग कळलं की मी टेस्ट करताना एन्टर दाबतो आणि मुनीमजी माऊसने बटणावर क्लिक करतात. एन्टर मी टेक्स्टबॉक्सच्या कीडाऊनमध्ये (कळ दाबली की चालणारा कोड) वेगळा पकडला होता आणि तिथे रिझल्ट, म्हणजे डायलॉग परत देतो ते 'ओके-कॅन्सल' उत्तर, सेट केला होता, बटणाच्या क्लिकमध्ये मात्र नुसतं 'धिस डॉट क्लोज' (खिडकी बंद कर) लिहून मोकळा झालो होतो. चूक शंभर टक्के माझी.

तर विषय असा की मोडल डायलॉग (बंद होईपर्यंत मागच्या खिडकीला हात लावू न देणारी छोटी खिडकी) उघडला की तो उघडणारी 'शोडायलॉग' ची ओळ तिथेच थांबते, डायलॉग बंद झाला की पुढे सरकते, आणि बंद होताना तो एक चिठ्ठी हातात देतो, तोच हा रिझल्ट. चिठ्ठीवर काय लिहिलंय, कोणी लिहिलं आणि तुम्ही ती कशी वाचली, सगळी भानगड या तिघांतच असते. खाली मुख्यतः विनफॉर्म्सचं (डॉटनेटमध्ये खिडक्या बनवायची जुनी पद्धत) सांगतोय कारण नाशकात अजून ढीगभर बिलिंग सॉफ्टवेअर त्यावरच चालतात, बाकीच्यांचं शेवटी थोडं थोडं.

आधी चिठ्ठी डोळ्यांनी बघा

'इफ' च्या आत थेट शोडायलॉग लिहिलं असेल तर ते फोडा. आधी रिझल्ट एका व्हेरिएबलमध्ये घ्या, पुढच्या ओळीवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम तिथे थांबवायची खूण) लावा आणि काय आलंय ते बघा. डायलॉगरिझल्टचे आकडे पाठ असू द्या, लॉगमध्ये कधीकधी नुसते आकडेच दिसतात: नन ०, ओके १, कॅन्सल २, अबॉर्ट ३, रिट्राय ४, इग्नोअर ५, येस ६, नो ७. हे जुन्या विंडोज एपीआयच्या मेसेजबॉक्समधूनच आलेत, त्यामुळे सी++ वाल्यांनाही १ ते ७ हेच दिसतात.

व्हेरिएबलमध्ये घेण्याचा अजून एक फायदा. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका पोराने लिहिलं होतं, इफ शोडायलॉग बरोबर ओके तर हे कर, एल्स इफ शोडायलॉग बरोबर कॅन्सल तर ते कर. तो म्हणाला, "सर, कॅन्सल दोनदा दाबावं लागतं, बग आहे विंडोजमध्ये." अरे बाबा, शोडायलॉग म्हणजे किंमत नाहीये, ती हाक आहे, दोनदा मारलीस तर डायलॉग दोनदा येणारच ना.

कॅन्सल येतंय, पण कॅन्सल तर कोणी दाबलंच नाही

सगळ्यात जास्त केसेस ह्याच. मोडल फॉर्ममध्ये रिझल्ट सेट न करता क्लोज केलं की फ्रेमवर्क स्वतःच कॅन्सल भरतं. वरच्या कोपऱ्यातल्या फुलीचंही तेच. म्हणजे क्लोजची गरजच नाही, 'धिस डॉट डायलॉगरिझल्ट' मध्ये ओके टाका, फॉर्म आपोआप बंद होतो. मुनीमजींच्या केसमध्ये मी क्लोजची एक ओळ काढून ही एक ओळ टाकली, दोन मिनिटांचं काम, पण तोवर ट्रॅक्टरवाल्याने मुनीमजींना काय काय ऐकवलं असेल देव जाणे.

दुसरा रस्ता म्हणजे डिझायनरमध्ये बटणाच्याच प्रॉपर्टीत डायलॉगरिझल्ट ओके करून ठेवणं. इथे एक वाकडी गोष्ट आहे. फॉर्मच्या कॅन्सलबटन (एस्केप दाबलं की चालणारं) प्रॉपर्टीत एखादं बटण दिलं की त्याचा रिझल्ट आपोआप कॅन्सल होतो, पण ॲक्सेप्टबटन (एन्टर दाबलं की चालणारं) मध्ये दिलेल्या बटणाचा ओके आपोआप होत नाही, ननच राहतो. लोक समजतात दोन्ही सारखंच, आणि मग एन्टर दाबून खिडकी ढिम्म हलत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

उलटी तक्रार: वजन रिकामं, तरी डायलॉग बंद

बटणावर ओके लावलंय आणि क्लिकमध्ये तुम्ही तपासताय की वजन भरलंय का, नसेल तर मेसेज दाखवून रिटर्न. मेसेज दिसतो, पण नंतर डायलॉग बंद होतोच आणि ओके घेऊन परत येतो, पावतीवर शून्य क्विंटल. कारण बटण दाबलं की फॉर्मचा रिझल्ट आधी ओके होतो आणि तुमचा क्लिक हँडलर, म्हणजे क्लिकसाठी लिहिलेला कोड, त्यानंतर चालतो. तुम्ही रिटर्न केलंत, पण चिठ्ठी तर लिहून झालेली. उपाय म्हणजे रिटर्नच्या आधी फॉर्मचा रिझल्ट परत नन करा, डायलॉग उघडाच राहील. मला स्वतःला हे आवडत नाही कारण सहा महिन्यांनी ती नन वाली ओळ कोणीतरी फालतू समजून उडवतो. मी बटणावर काहीच लावत नाही, सगळं तपासून झालं की हँडलरच्या शेवटच्या ओळीत ओके टाकतो, बस.

तपासणी फॉर्मक्लोजिंग (फॉर्म बंद होण्याआधी चालणारा कोड) मध्ये टाकून तिथे 'ई डॉट कॅन्सल' ट्रू केलं, म्हणजे बंद होणंच रद्द केलं, तरी डायलॉग थांबतो आणि रिझल्ट परत नन होतो. पण मग तिथे आधी रिझल्ट ओके आहे का बघा, नाहीतर माणूस फुली दाबून बाहेर पडायला बघतोय आणि तुम्ही त्याला वजन भरा वजन भरा म्हणताय. आत कोंडल्यासारखं होतं आणि मग तो टास्क मॅनेजर उघडतो.

रविवार कारंजाच्या एका दुकानात तर बारकोड स्कॅन केला की डायलॉग लगेच बंद व्हायचा, नग टाकायला वेळच नाही. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच, आणि बहुतेक स्कॅनर कोड टाइप करून मागे एन्टर मारतात, तो एन्टर जायचा ॲक्सेप्टबटनला. त्या फॉर्मवरून ॲक्सेप्टबटन काढलं, विषय संपला.

ओके आलं, पण आतली किंमत गायब

विनफॉर्म्समध्ये मोडल डायलॉग बंद झाला तरी तो नुसता लपतो, मरत नाही. म्हणून शोडायलॉग नंतरही टेक्स्टबॉक्समधलं वजन वाचता येतं, आणि म्हणूनच तो तुम्हाला स्वतः डिस्पोज करावा, म्हणजे मोडीत काढावा लागतो. यूजिंग (काम संपलं की आपोआप डिस्पोज करणारा ब्लॉक) मध्ये गुंडाळा आणि वजन यूजिंगच्या आतच काढून घ्या. दिवसभरात चारशे पावत्या फाडणाऱ्या माणसाच्या मशीनवर चारशे लपलेले फॉर्म साठले की संध्याकाळी सॉफ्टवेअर रांगायला लागतं. डिस्पोज टाळण्यासाठी काहीजण एकच फॉर्म ठेवून परत परत उघडतात, चालतं, पण मग मागच्या गाडीचं वजन बॉक्समध्ये तसंच असतं, ते उघडण्याआधी पुसा.

आणि शोडायलॉगला मालक द्या, म्हणजे कंसात 'धिस'. नाही दिला तर कधीकधी डायलॉग मुख्य खिडकीच्या मागे जाऊन बसतो, समोरची खिडकी क्लिक घेत नाही, माणूस म्हणतो हँग झालं. रिटर्न येत नाहीये असं वाटतं आणि खरं तर डायलॉग मागे शांतपणे वाट बघत असतो.

बाकीच्यांच्या तऱ्हा

डब्ल्यूपीएफ (डॉटनेटमधलीच खिडक्यांची दुसरी पद्धत) मध्ये शोडायलॉग नलेबल बूल (ट्रू, फॉल्स किंवा रिकामं) देतं, म्हणून नुसतं इफ मध्ये टाकलं तर कंपायलरच अडवतो, 'बरोबर ट्रू' असं लिहावं लागतं. इझकॅन्सल (एस्केपचं) लावलेलं बटण खिडकी बंद करतं, इझडीफॉल्ट (एन्टरचं) लावलेलं करत नाही, तिथे क्लिकमध्ये डायलॉगरिझल्ट ट्रू तुम्हालाच करायचंय. तीच खिडकी शोडायलॉगऐवजी साध्या शो ने उघडली असेल आणि आत डायलॉगरिझल्ट सेट केलं तर एक्सेप्शन, म्हणजे एरर येतं. एकदा बंद झालेली खिडकी परत उघडायला गेलात तरी येतं, विनफॉर्म्सची सवय इथे नडते.

व्हीबी (व्हिज्युअल बेसिक) मध्ये सगळ्यात जालीम. 'इफ मेसेजबॉक्स देन' असं लिहिलं आणि ऑप्शन स्ट्रिक्ट (टाइपची कडक तपासणी) बंद असेल तर येस ६ आणि नो ७, दोन्ही शून्य नाहीत म्हणजे दोन्ही खरेच. "पावती डिलीट करू का?" ला नाही म्हटलं तरी पावती जाते. बरोबर ट्रू लिहिलं तर उलटं, व्हीबीत ट्रू म्हणजे उणे १, त्यामुळे ते कधीच जुळत नाही आणि हो म्हणून म्हणून माणूस थकतो. पायथनच्या टीकेइंटर (खिडक्यांची लायब्ररी) मध्ये आस्कक्वेश्चन 'येस' किंवा 'नो' अशी स्ट्रिंग देतं, दोन्ही स्ट्रिंगा भरलेल्या, तिथेही तोच घोटाळा. आस्कयेसनो वापरा, ते सरळ ट्रू-फॉल्स देतं.

क्यूटीत (सी++ ची खिडक्यांची लायब्ररी) साध्या क्यूडायलॉगचं एक्झेक (तिथलं शोडायलॉग) ॲक्सेप्टेड १ किंवा रिजेक्टेड ० देतं, पण क्यूमेसेजबॉक्सचं एक्झेक दाबलेल्या बटणाचा कोड देतं, येस १६३८४ आणि नो ६५५३६. ॲक्सेप्टेडशी तुलना केली तर काहीच जुळत नाही.

जावा स्विंगमध्ये जेऑप्शनपेन (तिथला मेसेजबॉक्स) येसला ०, नो ला १, कॅन्सलला २ देतं आणि फुलीने बंद केलं तर उणे १. एकाने लिहिलं होतं की उत्तर नो नसेल तर डिलीट कर. आता फुली दाबणारा माणूस तर घाबरूनच फुली दाबतो ना, आणि त्याचीच एन्ट्री उडाली. तपासताना कायम हवं ते उत्तर आलंय का एवढंच विचारा, बाकी जे काही येईल ते 'काही करू नको' मध्ये ढकला.

टेस्ट करताना मी आता प्रत्येक डायलॉग बटणाने, एन्टरने, एस्केपने, फुलीने आणि ऑल्ट-एफ४ ने बंद करून बघतो, आणि एकदा वजन रिकामं ठेवून. मुनीमजी त्यावरही वरचढ निघाले, परवा त्यांनी जतन करा वर डबल क्लिक केलं, फोल्डर उघडतात तसं.