पडक्या वस्तीत कलेचे घर उभारताना

कारखाने बंद पडून उजाड झालेल्या शहरात कला न्यायची असेल, तर रंगाचा पहिला डबा उघडण्यापूर्वी दोन प्रश्न सोडवावे लागतात. ही जागा कोणाची आहे, आणि शेजाऱ्यांना येथे काय हवे आहे? सोलापुरात किंवा मुंबईच्या गिरणगावात असे काम करू पाहणाऱ्या कलावंतांनी त्यासाठी अमेरिकेतील दोन उपक्रम अभ्यासावेत.

डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे साडेअठरा लाख होती. २०१० मध्ये ती सात लाखांच्या जरा वर उरली. तेथे टायरी गायटन यांनी १९८६ मध्ये, आजोबा सॅम मॅकी यांच्या साथीने, हायडेलबर्ग रस्त्यावरील ओसाड घरांवर रंगीत ठिपके काढले आणि टाकून दिलेल्या वस्तूंची मांडणी केली. काम विलक्षण होते, लांबून लोक पाहायला येत. तरीही शहर प्रशासनाने १९९१ आणि १९९९ मध्ये त्यातील काही भाग पाडून टाकला.

ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमध्ये १९९३ मध्ये रिक लो यांच्यासह सात कृष्णवर्णीय कलावंतांनी बावीस लहान, जुनी घरे हाती घेतली. वस्तीच्या अडचणी आम्हाला ठाऊकच आहेत, त्यांची चित्रे कशाला, उपाय का शोधत नाही, असे एका शाळकरी मुलाने लो यांना त्याआधी विचारले होते. म्हणूनच काही घरांत कलाकृती मांडल्या गेल्या, तर काही घरे शिकणाऱ्या, एकट्या तरुण मातांना राहण्यासाठी मिळाली. माझ्या मते हा उपक्रम टिकण्याचे खरे कारण हेच आहे.

तेव्हा सुरुवात ऐकण्यापासून करावी. महिना-दोन महिने चाळीत, नळावर, चहाच्या टपरीवर बसून बोलावे आणि वस्तीतील निदान दोन माणसांना गटात बरोबरीचे स्थान द्यावे. त्यानंतर मिळकत पत्रिका काढून मालक शोधावा आणि त्याची परवानगी मुदतीसह लेखी घ्यावी. भिंत महापालिकेची असल्यास विभागीय कार्यालयात अर्ज करून पोच जपून ठेवावी. तोंडी होकारावर मुळीच विसंबू नये. देणगी स्वीकारायची असल्यास संस्थेची नोंदणी करावी. त्यासाठी किमान सात सभासद लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कागदपत्रे द्यावी लागतात.

भिंतीचे काम पावसाळा संपल्यावर, ओल पूर्ण सुकल्यानंतरच घ्यावे. पोपडे खरवडून, भेगा बुजवून, प्रायमरचा हात दिल्याशिवाय चित्र काढू नये, कारण पहिल्याच पावसात गळणारे चित्र वस्तीला आणखी एक पडझड दाखवते. परांची अनुभवी माणसाकडूनच बांधून घ्यावी आणि इमारत धोकादायक ठरवलेली असेल, तर तिला हात लावू नये.

वस्तीत कामासाठी खोली घेतली असेल आणि गटातील कोणी रोज तेथे जाणारे नसेल, तर खोलीची एक किल्ली शेजारच्या घरी ठेवावी, म्हणजे चित्रकार नसतानाही मुलांना संध्याकाळी अभ्यासाला बसता येते. खर्चाचा हिशेब दर महिन्याला त्याच खोलीच्या दारावर लावावा, आणि पुढच्या वर्षीच्या डागडुजीचा रंग पहिल्याच खरेदीत घेऊन ठेवावा.