एकच ‘मोस्ट’, मुळं चार: युरोपात वाचताना या चुका टाळा

एम, ओ, एस, टी. ही चार रोमन अक्षरं एकत्र दिसली की इंग्रजी शाळेत तयार झालेला आपला डोळा लगेच ‘सर्वाधिक’ असं वाचतो. पण प्रागमध्ये ती पुलाच्या नावात असतात, ऑस्ट्रियातल्या खेड्यात पेयांच्या यादीत असतात आणि बुडापेस्टमध्ये दुकानाच्या जाहिरातीत. या तिन्ही ठिकाणी इंग्रजी अर्थ साफ चुकतो, कारण लिखित रूप एक असलं तरी मागे चार वेगळे शब्द आहेत.

इंग्रजी ‘मोस्ट’ जर्मानिक घराण्यातला आहे. त्याचे सख्खे भाऊ म्हणजे जर्मन ‘माइस्ट’ आणि डॅनिश, स्वीडिश ‘मेस्ट’. स्लाव्हिक भाषांमधला ‘मोस्त’ म्हणजे पूल, आणि तो चेक, पोलिश, रशियनपासून क्रोएशियनपर्यंत सगळीकडे सापडतो. जर्मन ‘मॉस्ट’ लॅटिन ‘मुस्टुम’मधून आला, अर्थ द्राक्षांचा ताजा रस. हंगेरियन शब्दाचा अर्थ ‘आत्ता’ असा आहे आणि ‘आज’साठी असलेल्या ‘मॉ’शी त्याचं नातं आहे.

चूक पहिली: पेल्यात काय आहे हे नावावरून ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, विशेषतः दारू न पिणाऱ्यांना आणि मुलांना घेऊन फिरणाऱ्यांना. रस तोच, शब्दही तोच, पण देश बदलला की तो आंबवलेला आहे की नाही हे बदलतं.

डेन्मार्कमध्ये ‘एब्लमोस्ट’ म्हणजे सफरचंदाचा साधा रस. नॉर्वेत ‘एप्लमोस्ट’, तोही बिनदारूचा. स्वीडनमध्ये लिहितात ‘मुस्ट’, पण मूळ लॅटिनच. ऑस्ट्रियात मात्र नुसतं ‘मॉस्ट’ मागितलं की सहसा सफरचंदाची किंवा नासपतीची आंबवलेली वारुणी समोर येते. लोअर ऑस्ट्रियाच्या नैर्ऋत्येकडच्या मुलुखाचं नावच ‘मॉस्टफीर्टल’ आहे. तिथे नासपतीची झाडं एप्रिलमध्ये पांढरीशुभ्र फुलतात आणि मॉस्टच्या पैशावर उभे राहिलेले चौकोनी, प्रशस्त शेतवाडे आजही दिसतात. न आंबवलेला रस हवा असेल तर ‘झ्यूसमॉस्ट’, म्हणजे गोड मॉस्ट, असं स्पष्ट मागा. स्वित्झर्लंडमध्येही गोड आणि ‘झाउरर’, म्हणजे आंबट, असे दोन प्रकार आहेत. आंबट म्हणजे आंबवलेला, हे ध्यानात ठेवा.

स्पेनमध्ये ‘मोस्तो’ मागितलं तर बहुतेक बारमध्ये द्राक्षांचा बिनदारूचा रस येतो. पण दक्षिणेत, सेव्हिल आणि हेरेसच्या आसपास, हाच शब्द त्या हंगामाच्या ताज्या वाइनसाठी वापरतात. म्हणून कुठेही असलात तरी मागवण्याआधी एकच प्रश्न विचारा: यात अल्कोहोल आहे का?

वाइनच्या संदर्भात आणखी एक गफलत होते. जर्मन वाइनच्या वर्णनात ‘मॉस्टगेविख्ट’ हा शब्द येतो आणि अनुवादक त्याचं ‘सर्वाधिक वजन’ करून मोकळा होतो. खरं तर ते आंबवण्याआधीच्या रसाची घनता मोजण्याचं माप आहे. एकक ‘एक्स्ले’. एक लिटर रस त्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. ८० अंश म्हणजे लिटरमागे साधारण १०८० ग्रॅम. जडपणा मुख्यतः साखरेचा असतो, त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी दारू तयार होण्याची क्षमता जास्त. ऑस्ट्रियात मात्र दुसरं माप आहे: १०० किलो रसात किती किलो साखर, ते तिथे मोजतात. जर्मन आणि ऑस्ट्रियन आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना केली तर ऑस्ट्रियन द्राक्षं उगाच फिकी वाटतील. ऑस्ट्रियन एक अंश म्हणजे ढोबळमानाने जर्मन पाच.

चूक दुसरी: ‘मॉस्टइंडिएन’ वाचून भारत शोधणं

स्वित्झर्लंडच्या ईशान्येला, बोडेन्झे सरोवराकाठी थुरगाउ हा प्रांत आहे. सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध. त्याचं लाडकं टोपणनाव ‘मॉस्टइंडिएन’. ‘इंडिएन’ म्हणजे भारत, हे खरं; पण हा ‘ओस्टइंडिएन’, म्हणजे ईस्ट इंडीज, या शब्दावरचा श्लेष आहे. आपल्याकडच्या कुठल्याही वस्तूचा किंवा माणसांचा इथे संबंध नाही.

चूक तिसरी: गावांच्या नावांची मनाजोगती फोड

बोस्नियातल्या मोस्तार शहराचा जुना पूल १५६६ मध्ये पूर्ण झाला, ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धात तोफांच्या माऱ्याने कोसळला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. ‘स्तार’ म्हणजे जुना, म्हणून ‘मोस्त’ अधिक ‘स्तार’ म्हणजे जुना पूल, अशी फोड हमखास ऐकू येते. ती चुकीची आहे. शहराचं नाव ‘मोस्तारी’, म्हणजे पूल राखणारे, यांच्यावरून पडलं. पुलाला तिथे ‘स्तारी मोस्त’ म्हणतात, आणि विशेषण आधी येतं, याकडे लक्ष दिलं तरी ती फोड टिकत नाही.

चेक प्रजासत्ताकातल्या मोस्त या कोळशाच्या शहराची गोष्ट उलटी आहे. तिथला ‘मोस्त’ खरोखरच पूल आहे, दलदलीवरून जाणाऱ्या पुलांवरून आलेला. जुन्या जर्मन कागदपत्रांत हेच शहर ‘ब्र्युक्स’ म्हणून येतं, आणि त्यातही पूलच आहे. एका शहराची ही दोन नावं दोन वेगळी गावं समजली की जुन्या नोंदी जुळवताना सगळा हिशेब चुकतो. शहराचं नाव यंत्र-अनुवादाला दिलं तर ते ‘सर्वात’ होऊन वाक्यात विरघळतं. विशेषनामं आधी वेगळी काढून ठेवा.

चूक चौथी: एक खूण गाळणं, एक उच्चार गृहीत धरणं

चेकमध्ये ‘मोस्त’ पूल, पण एसवर छोटा कोन आला की ‘मोश्त’, म्हणजे फळांचा रस. मोबाइलवर लिहिताना ती खूण गाळली तर तुम्ही पूल प्यायला मागाल. पोलिशमध्ये हा गोंधळ नाही. तिथे रसाला ‘मोश्च’ म्हणतात आणि तो वेगळ्याच अक्षरांत लिहितात.

हंगेरियनमध्ये एकट्या ‘एस’चा उच्चार ‘श’ असतो. बुडापेस्टला तिथले लोक ‘बुदॉपेश्त’ म्हणतात, तसंच हे ‘मोश्त’. जाहिरातीतला ‘मोश्त’ ‘आत्ताच घ्या’ सांगत असतो. द्राक्षरसाला तिथे ‘मुश्त’ म्हणतात, स्वर बदलून. स्विस जर्मन बोलीतही रसाचा उच्चार ‘मोश्त’ होतो, त्यामुळे निव्वळ कानावर विसंबून भाषा ओळखता येत नाही.

शब्दकोशात सापडत नसेल तर

स्लाव्हिक भाषांत शब्दाला विभक्ती लागते. ‘पुलावर’ म्हणायचं तर चेकमध्ये ‘ना मोस्त्ये’, पोलिशमध्ये ‘ना मोश्चे’, रशियनमध्ये ‘ना मस्तू’. रशियनमध्ये आघात शेवटी गेला की पहिल्या ‘ओ’चा ‘अ’ होतो. अनेकवचनही पाहा: चेक, पोलिश, रशियनमध्ये ‘मोस्ती’च्या जवळचं रूप, क्रोएशियनमध्ये ‘मोस्तोवी’. शेवट काढून मूळ रूपाकडे या आणि मगच कोश उघडा. जर्मन मजकुरात रस हे नाम असल्याने त्याचं पहिलं अक्षर नेहमी मोठं असतं. लहान अक्षर दिसलं तर बहुधा मधे घुसलेला इंग्रजी शब्द असेल.

‘मस्त’ आणि ‘मोहरी’

मराठी माणसाला ‘मॉस्ट’ आणि ‘मस्त’ जोडायचा मोह होतो. दोन्हीकडे नशा आहेच. पण आपला ‘मस्त’ फारसीतून आला. त्याचं नातं संस्कृत ‘मत्त’शी, म्हणजे ‘मद्’ धातूशी आहे. लॅटिन ‘मुस्टुम’चा मूळ अर्थ ‘नवा, ताजा’. दोघांचं कूळ वेगळं.

इंग्रजी ‘मस्टर्ड’ मात्र खरोखर ‘मुस्टुम’च्या घरातला. वाटलेली मोहरी द्राक्षरसात कालवून चटणी करत, त्यावरून हे नाव पडलं. डच ‘मोस्टर्ड’ही तसाच. पण इटलीत ‘मोस्तार्दा’ मागितली तर मोहरीची चटणी येईलच असं नाही. क्रेमोनाची मोस्तार्दा म्हणजे साखरेच्या पाकातली फळं, आणि त्या पाकात नाकात जाणारा मोहरीचा अर्क.