क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर

इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात, पण चालू केल्यावर रिव्हर्स टाकताना खरखर होते? म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. लगेच क्लच प्लेट बदलायला निघू नका.

आधी बॉनेट उघडून क्लचच्या ऑइलची (म्हणजे ब्रेक ऑइलचीच) पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असतो. मग पेडल चार-पाच वेळा भराभर दाबा. आता गिअर पडला, तर ऑइलच्या लाइनमध्ये हवा तरी आहे किंवा मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं, रबर गेलंय. पातळी उतरली असेल तर गळती शोधा: पेडलच्या वरच्या बाजूला, दांडा मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो तिथे बोट फिरवा आणि गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने दांडा सरकवून क्लच सोडवणारा भाग) रबरी बूट उचलून आत ओल आहे का पाहा.

दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून स्लेव्हचा दांडा किती सरकतो तेही बघा. नेहमीइतका सरकूनही क्लच सुटत नसेल, तर दोष गिअरबॉक्सच्या आत. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या जड चाकाला, चिकटलेलीही असू शकते. काही गाड्यांत स्लेव्हच आत असतो, तिथे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल भरा. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरं फुगतात.