पावसाने झिजलेले मालगोदाम : मॉडेल रेल्वेसाठी घरातल्या वस्तूंतून जुनी इमारत कशी उभारावी

मॉडेल रेल्वेसाठी बाजारात मिळणारे इमारतींचे तयार संच बहुतेक युरोपीय किंवा अमेरिकी स्थानकांचे असतात. उतरत्या जर्मन छपराच्या सिग्नल केबिनशेजारी आपली निळी मालगाडी उभी केली, तर डोळ्याला ते खटकते. कर्जत–नेरळच्या बाजूला, भोर घाटाच्या पायथ्याशी शोभेल असे काळ्या दगडाच्या जोत्याचे, पन्हळी पत्र्याचे जुने मालगोदाम हवे असेल, तर ते स्वतःच बांधावे लागते. त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे सामान घरात असते. या लेखात १:८७ या प्रमाणात, म्हणजे ज्याला एचओ म्हणतात त्या मापात, असे एक गोदाम उभे करण्याची पद्धत दिली आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी. इमारत जुनी दिसावी म्हणून सगळीकडे सारखाच तपकिरी रंग फासला, तर ती केवळ मळकी दिसते. आपल्याकडे इमारतीला म्हातारपण आणते ते मुख्यतः पाणी. नैऋत्येकडून येणारी झड कोणत्या भिंतीवर बसते, छपरावरचे पाणी कुठून घरंगळते, पागोळ्या कुठे पडतात आणि त्यांचे शिंतोडे कुठवर उडतात, या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवली की पुढे रंगाचा प्रत्येक ठिपका कुठे द्यायचा हे आपोआप ठरते. म्हणून पुठ्ठा कापण्याआधी गोदामाचा साधा आराखडा काढावा आणि त्यावर पश्चिम दिशा बाणाने दाखवावी.

मापे

एचओ प्रमाणात एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. आपल्याकडचे गवंडी आणि सुतार अजूनही फुटांतच बोलतात, त्यामुळे हे गणित फार सोपे जाते. आपले गोदाम ३० फूट लांब आणि १६ फूट रुंद धरू, म्हणजे १०५ मि.मी. बाय ५६ मि.मी. भिंतीची उंची १२ फूट, म्हणजे ४२ मि.मी. होईल. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती मध्यभागी आणखी ११ मि.मी. वर न्याव्यात, म्हणजे छपराला बावीस अंशांच्या आसपास उतार मिळतो. रुळाकडच्या भिंतीत मालाचा दरवाजा २८ मि.मी. रुंद आणि ३१ मि.मी. उंच ठेवावा. मागच्या भिंतीत गाड्या लागण्यासाठी तसाच दुसरा दरवाजा असावा.

धक्क्याची उंची मात्र नीट मोजावी. मालधक्का रुळाच्या माथ्यापासून सुमारे एक मीटर उंच असतो, म्हणजे आपल्याकडे १२ मि.मी. हे माप रुळाच्या माथ्यापासून घ्यायचे असते, खालच्या प्लायवूडपासून नव्हे. तसे केले नाही, तर रूळ आणि स्लीपर यांच्या उंचीइतका धक्का बुटका होतो. धक्का रुळापासून किती लांब ठेवायचा, हे ठरवण्यासाठी आपल्याकडची सर्वांत रुंद वॅगन रुळावरून हाताने फिरवून पाहावी.

भिंती आणि जोते

भिंतींसाठी बुटाच्या खोक्याचा किंवा मोठ्या वहीच्या मागचा कडक पुठ्ठा घ्यावा. पन्हळी खोक्याचा पुठ्ठा टाळावा, कारण कापलेल्या कडेला त्यातल्या पोकळ्या दिसतात. खऱ्या दगडी भिंती दीड फूट जाड असतात, म्हणून आपली भिंत पाच मि.मी. जाड दिसली पाहिजे. बाहेरचा आणि आतला असे दोन पुठ्ठे कापून त्यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवल्या की ही जाडी येते. दरवाजे-खिडक्यांच्या कोनाड्यांच्या आतल्या बाजूंना लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या पट्ट्या लावाव्यात. भिंतीची ही जाडी दिसली नाही, तर इमारत कितीही छान रंगवली तरी ती खोकेच वाटते.

फेव्हिकॉलातले पाणी पुठ्ठ्याला वाकवते. म्हणून डिंक पातळ लावावा आणि चिकटवलेल्या भिंती सपाट फरशीवर जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवाव्यात. वाळल्यावर आतून-बाहेरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा एक हात द्यावा. फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात तोच हा चपडा. त्याने पुठ्ठा ओलावा धरत नाही आणि पुढे पाण्याचे रंग दिले तरी फुगत नाही.

जोत्याचे आणि कोपऱ्यांचे घडीव दगड अंड्यांच्या ट्रेच्या लगद्यातून कापावेत. त्या लगद्याला मुळातच खडबडीत पोत असतो आणि बेसॉल्टच्या टाकी लावलेल्या दगडासारखा तो दिसतो. ट्रेचा सपाट भाग ओला करून लाटण्याने दाबावा, वाळू द्यावा आणि तीन मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांचे चार-पाच मि.मी.चे तुकडे करावेत. थर लावताना उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. कोपऱ्यावर एक दगड लांबीने, तर त्यावरचा आडव्या भिंतीकडून, असे आलटून-पालटून बसवावेत.

उरलेल्या भिंतीला गिलावा करायचा. भिंतीची पुट्टी थोड्या फेव्हिकॉलात आणि पाण्यात कालवून जुन्या ब्रशने पातळ थर द्यावा. दोन-तीन ठिकाणी, तेही जोत्याच्या लगत किंवा खिडकीखालच्या कोपऱ्यात, गिलावा द्यायचाच नाही. तिथे आधीच दगडांचे तुकडे चिकटवलेले असावेत. जमिनीतली ओल वर चढते आणि गिलावा खालूनच सुटतो, म्हणून भिंतीच्या मध्यावर काढलेला पोपडा खोटा दिसतो.

पन्हळी पत्रा

या कामात सर्वांत जास्त वेळ पत्र्यावर द्यावा, कारण मांडणीकडे, म्हणजे रूळ आणि इमारतींच्या सगळ्या देखाव्याकडे, पाहणाऱ्याची नजर वरून पडते आणि तिला आधी छप्परच दिसते.

खऱ्या पत्र्याच्या दोन पन्हळींमध्ये तीन इंचांचे अंतर असते. आपल्या प्रमाणात ते एक मि.मी.हून थोडे कमी, साधारण ०.८७ मि.मी. होते. पाच मि.मी. जाडीच्या साध्या बोल्टाच्या दोन आट्यांमध्ये ०.८ मि.मी. अंतर असते. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात काही रुपयांत मिळणारा, शेवटपर्यंत आटे असलेला बोल्ट हाच आपला साचा आहे. पत्र्यासाठी जेवणाच्या पार्सलबरोबर येणारा ॲल्युमिनियमचा डबा घ्यावा. पोळ्या गुंडाळायची फॉइल फार पातळ असल्याने बोटाच्या दाबानेही चेपते. डब्याचा सपाट तळ कापून, भांड्याच्या साबणाने धुऊन कोरडा करावा.

तो तुकडा जुन्या माऊसपॅडवर ठेवावा. बोल्टाचे डोके पॅडच्या कडेबाहेर राहील अशा बेताने बोल्ट त्यावर आडवा ठेवून, लाकडी ठोकळ्याने वरून दाब देत एकदाच पुढे लाटत न्यावा. पुन्हा मागे आणू नये, कारण दुसरी रेघ पहिलीवर नेमकी बसत नाही आणि पन्हळ पुसट होते. आटे तिरके चढत जातात, त्यामुळे पन्हळीही किंचित तिरक्या उमटतात. २८ मि.मी. लांबीत त्या जवळपास दीड मि.मी. बाजूला सरकतात. म्हणून पत्रे कापताना तुकड्याची मूळ कड प्रमाण न मानता उमटलेल्या पन्हळीलाच पट्टी समांतर लावावी.

आठ फुटांचा पत्रा म्हणजे २८ मि.मी. लांब आणि सुमारे नऊ मि.मी. रुंद तुकडा. सगळे छप्पर एका अखंड तुकड्यात करण्याचा मोह टाळावा. खऱ्या छपरावर प्रत्येक पत्रा वेगळा जुना होतो आणि पुढे रंगवताना हेच आपल्या उपयोगी पडते. शेजारच्या पत्र्यावर एक पन्हळ चढवत गेल्यास प्रत्येक पत्रा आठ मि.मी. जागा झाकतो. छप्पर दोन्ही टोकांना पाच-पाच मि.मी. बाहेर काढले, तर एका उतारावर पंधरा पत्रे लागतात. वळचणीला सात मि.मी. बाहेर आलेले छप्पर धरून उताराची लांबी ३८ मि.मी. भरते, म्हणजे खाली २८चा पूर्ण पत्रा आणि वर १२चा तुकडा, त्यावर दोन मि.मी. चढवलेला. पत्रे नेहमी वळचणीकडून आढ्याकडे लावत जावेत, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर येतो. शेजारशेजारच्या पत्र्यांच्या जोडांत झड घुसू नये म्हणून पत्र्यांची सुरुवात पूर्वेकडच्या टोकापासून करावी. मग वर चढलेल्या कडेची उघडी बाजू पावसाकडे तोंड करत नाही.

छपराखाली पुठ्ठ्याचा आधार द्यावा, पण वळचणीपाशी तो सात मि.मी. आधीच थांबवावा. तिथे पत्र्याखाली हिराच्या झाडूच्या काड्यांचे वासे दिसू द्यावेत. पत्र्याची कड मुळातच पातळ असते. तिच्याखाली पुठ्ठ्याची जाड किनार दिसली की सगळी मेहनत वाया जाते. आढ्यावर त्याच डब्याची सहा मि.मी. रुंदीची सपाट पट्टी मधोमध दुमडून बसवावी.

दरवाजे

काडेपेटीच्या काड्या ब्लेडने उभ्या चिरून फळ्या कराव्यात. त्या आधी काळ्या चहाच्या दाट पाण्यात बुडवून वाळवाव्यात. काचेच्या बाटलीत व्हिनेगर घेऊन त्यात साधे लोखंडी खिळे दोन-तीन दिवस भिजत ठेवावेत. त्यातून वायू निघतो, म्हणून झाकण घट्ट लावू नये. जस्ताचा मुलामा असलेले खिळे यासाठी चालत नाहीत. हे पाणी चहा मुरलेल्या फळीवर लावले की चहातले टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग होऊन लाकूड काही मिनिटांत करडे पडते. उन्हापावसात राहिलेल्या सागाचा तो रंग डबीतल्या रंगातून इतका सहज साधत नाही. फळ्यांवर तेलरंगाचे अवशेष दाखवायचे असतील, तर हिरवट निळा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त वरच्या अर्ध्या भागात लावावा. खालचा भाग पोत्यांच्या घासण्याने उघडा पडलेला असतो.

पाणी, गंज आणि शेवाळ

ॲल्युमिनियमवर रंग धरत नाही. त्यामुळे छपरावर आधी राखाडी प्रायमरचा हलका फवारा द्यावा. या कामात विकत घ्यावी अशी बोल्टानंतरची ही दुसरी वस्तू. त्यावर जस्ताचा मंद करडा रंग प्रत्येक पत्र्यावर थोडा वेगळा द्यावा. पत्रे एकेक करून बदलले जातात, म्हणून एक-दोन पत्रे उजळ ठेवले तर इमारतीची डागडुजी होत आली आहे हे न सांगता कळते.

गंजासाठी गेरू वापरावा. दिवाळीत रांगोळीखाली सारवायला आणतात तोच. गेरू हा मुळात लोखंडाचाच ऑक्साइड आहे, म्हणून त्याचा रंग गंजाला तंतोतंत जुळतो आणि उन्हाने उडत नाही. हळद मात्र कितीही मोहक दिसली तरी वापरू नये, कारण उजेडात ती लवकरच फिकी पडते. गेरूत पाणी आणि फेव्हिकॉलाचा एखादा थेंब घालून पातळ करावे. जुन्या गंजासाठी त्यात थोडा काळा रंग मिसळून गडद मिश्रण वेगळे ठेवावे. गंज पत्र्याच्या कापलेल्या कडेवर, दोन पत्र्यांच्या जोडात आणि खिळ्यांच्या भोकांभोवती सुरू होतो, कारण जस्ताचा थर तिथेच तुटलेला असतो आणि पाणीही तिथेच साचून राहते. म्हणून गडद मिश्रण या जागी टोकदार काडीने द्यावे आणि ओल्या ब्रशने प्रत्येक ठिपका उताराच्या दिशेने, वळचणीकडे खाली ओढावा. ओघळ एकसारख्या लांबीचे नसावेत. निम्म्याहून अधिक पत्रा करडाच राहिला पाहिजे.

भिंतीवर जुना चुना दिसेल असा पिवळट पांढरा रंग द्यावा. मग पश्चिमेच्या भिंतीकडे वळावे. पावसाळ्यात गिलाव्यावर चढलेले हिरवे शेवाळ उन्हाळ्यात वाळून काळे पडते. म्हणून खिडकीच्या चौकटीखाली, त्रिकोणी भिंतीच्या कडेला आणि छपराबाहेर उघड्या राहिलेल्या कोपऱ्यांवर काळ्या रंगाचे पातळ पाणी वरून खाली सोडावे. वळचणीच्या लगेच खालची पट्टी कोरडीच राहते, तिथे भिंत स्वच्छ ठेवावी. पूर्वेच्या भिंतीवर याच्या चौथाईपेक्षा अधिक काही करू नये. चारही भिंती सारख्याच काळवंडल्या, तर पाऊस चहूबाजूंनी पडला असे दिसते.

जोत्याजवळ शिंतोड्यांची पट्टी असते. मागच्या बाजूला पागोळ्या मातीवर पडतात आणि तांबूस चिखल भिंतीवर फूटभर, म्हणजे साडेतीन-चार मि.मी. उडतो. दात घासण्याच्या जुन्या ब्रशवर गेरू आणि मातीचे पाणी घेऊन, भिंतीचा वरचा भाग कागदाने झाकून, अंगठ्याने केस मागे ओढून शिंतोडे उडवावेत. रुळाकडे मात्र पागोळ्या फरसबंद धक्क्यावर पडतात. तिथे भिंतीपासून सात मि.मी.वर, वळचणीच्या अगदी खाली, धुऊन उजळ झालेली बारीक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना हिरवट काळी ओल दाखवावी. हा बारकावा फार कमी मांडण्यांवर दिसतो, आणि जिथे दिसतो तिथे करणाऱ्याने खरा धक्का पावसात पाहिला आहे हे लगेच कळते.

वाफेच्या इंजिनांचा काळ दाखवायचा असेल, तर काजळी रुळाकडच्या वळचणीखाली आणि दरवाजाच्या वर सुक्या ब्रशने हलकेच टिपावी. डिझेलच्या काळासाठी ती जवळपास लागत नाही.

मांडणीवर बसवणे

इमारत जमिनीवर नुसती ठेवू नये. जोत्याच्या तळाशी उरलेली फट ती खेळणी असल्याचे लगेच उघड करते. जोते दोन मि.मी. खाली रुतेल एवढा खड्डा करून ते बसवावे, भोवती चाळलेली माती आणि पातळ फेव्हिकॉल भरावा. मागच्या बाजूला वळचणीखाली पागोळ्यांनी पडलेली उथळ चरी काडीने ओढावी आणि तिच्यात बारीक चाळलेली रेती टाकावी, कारण माती वाहून गेल्यावर तिथे रेतीच मागे राहते. वाळलेल्या चहाच्या चोथ्यात थोडा हिरवा रंग कालवून चरीच्या बाहेरच्या काठाने गवत लावावे. मालाच्या दरवाजासमोर मात्र ते लावू नये, कारण तिथे गाड्यांच्या चाकांखाली काही उगवत नाही.