भरली ढोबळी मिरची, बटाट्याशिवाय

भरली ढोबळी म्हटली की आत उकडलेला बटाटा नाहीतर बेसन, हे ठरलेलंच. रात्रीच्या जेवणात कार्ब कमी करायचे असतील तर मिरचीची काही चूक नाही. 100 ग्रॅम हिरव्या ढोबळीत ते जेमतेम पाचेक ग्रॅम असतात. तेवढ्याच उकडलेल्या बटाट्यात मात्र वीसेक. म्हणजे बदलायचं ते सारण.

चार मध्यम मिरच्यांना 200 ग्रॅम पनीर कुस्करून घ्या. त्यात चार चमचे दाण्याचं कूट, दोन चमचे भाजलेलं सुकं खोबरं, चमचाभर तीळ, गोडा मसाला, तिखट, कोथिंबीर आणि परतलेला एक छोटा कांदा. गूळ नको, लिंबू पिळा.

खरी गोची पाण्याची होते. पनीरलाही पाणी सुटतं, मिरचीलाही, आणि ते शोषायला बेसन नसतं. म्हणून पनीर फडक्यात घट्ट पिळा. मिरच्या पोखरून आतून मीठ चोळा, दहा मिनिटं ताटात पालथ्या घाला आणि मग पुसून घ्या. सारणात मीठ त्या हिशोबानं कमी. कूट जाडसरच हवं, बारीक कुटाचा चिखल होतो.

जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेलावर मंद आचेवर झाकून सात-आठ मिनिटं, मग झाकण काढून डाग पडेपर्यंत परता. वरून पाणी अजिबात नको. कुकर तर नकोच, त्यात मिरचीचा लगदा होतो.

पोळीची आठवण येईलच. सोबत काकडीची कोशिंबीर भरपूर ठेवा.