सिम्युलेटरमधला मोपा: टर्मिनल नंतर, आधी जमीन

नवखा माणूस फ्लाइट सिम्युलेटरसाठी सीनरी, म्हणजे संगणकातला विमानतळ आणि भोवतालची जमीन, करायला बसला की आधी ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर उघडतो आणि टर्मिनलला हात घालतो. मीही तेच केलं. म्हापशातल्या घरी दोन महिने गोव्याच्या नव्या मोपा विमानतळाचं छप्पर घासत बसलो आणि पहिल्याच टेकऑफला एअरबस धावपट्टीच्या मधोमध अशी उसळली, की स्कूटर गतिरोधकावरून जावी.

दोष विमानाचा नव्हता. उंचीची जी माहिती फुकट मिळते, तिच्यातली बरीचशी २००० साली अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीची आहे. मोपावरून उड्डाणं सुरू झाली जानेवारी २०२३ मध्ये. म्हणजे त्या माहितीत पेडण्याचं पठार सपाटीकरणाआधीचं, वर झाडांच्या शेंड्यांची उंचीही मिसळलेली. अशा जमिनीवर साडेतीन किलोमीटरची धावपट्टी अंथरली तर सुरकुत्या पडणारच.

एक्स-प्लेन हा सिम्युलेटर वापरणाऱ्यांना वर्ल्डएडिटर या त्याच्या सीनरीच्या साधनात ‘ऑलवेज फ्लॅटन’ची (जमीन सपाट करायची) खूण सापडते आणि हायसं वाटतं. पण मग विमानतळाच्या आखलेल्या हद्दीच्या आतलं सगळं एका पातळीवर येतं, आणि हद्द ढगळ आखली असेल तर काठावर सरळ भिंत उभी राहते. माझा कुंपणालगतचा रस्ता हवेत लोंबत होता. हद्द पठाराच्या काठाच्या आत, आटोपशीर ठेवा. वेळ असेल तर मेशच, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाचं जाळंच, दुरुस्त करा; खऱ्या धावपट्टीला थोडा चढउतार असतोच, तोही मग राखता येतो.

विमानतळाच्या चार अक्षरी कोडचा घोळ खास आपल्याकडचा. व्हीओजीओ म्हणजे गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी, व्हीओजीए म्हणजे मोपा. शेवटचं अक्षर चुकलं की तुमचा मोपा दाबोळीची जागा घेतो आणि दाबोळी गायब! विमानतळ जागेवर आहे पण खाली मूळ सीनरीतली झाडं उगवलीत, तर एक्स्क्लूजन झोन, म्हणजे मूळ सीनरी वगळायचा चौकोन, आखायचा राहिला. सगळंच उपग्रहचित्राखाली गाडलं गेलं, तर सीनरीचा क्रम ठरवणारी सीनरी_पॅक्स.आयएनआय फाइल उघडा: विमानतळ वर, ऑर्थो (उपग्रहचित्रं) त्याखाली, मेश तळाला.

रंगांकडे फारसं कुणी बघत नाही. मे महिन्यातलं उपग्रहचित्र लालभडक जांभ्याचं, शेजारचा तुकडा पावसाळ्यानंतरचा हिरवागार. मधली शिवण दहा हजार फुटांवरूनही दिसते. दोन्ही तुकडे एकाच मोसमातले घ्या.

दाबोळी करायला घेतला तर संदर्भासाठी कॅमेरा घेऊन कुंपणापाशी घुटमळू नका. तो नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. प्रवासी बाजूचे लोकांनी टाकलेले फोटो पुरतात.

आणि मित्राला फाइल देण्याआधी स्वतःच्या लायब्ररी (वेगळ्या उतरवून घेतलेल्या तयार वस्तूंचे संच) बाजूला काढून एकदा चालवून बघा. माझ्याकडे झकास दिसणारा विमानतळ मित्राकडे उघडेनाच. सिम्युलेटरच्या नोंदींच्या फाइलमध्ये, लॉग.टीएक्सटीमध्ये, स्पष्ट लिहिलं होतं: दिव्याच्या खांबाची लायब्ररी त्याच्याकडे नव्हती.